नुरा कुस्ती

आधी निकाल ठरवून केलेल्या कुस्तीस इकडे 'नुरा' म्हणतात. परवा हिंडलग्यास एका विद्यार्थ्याच्या मोबाईलवर आम्ही तीच पाहिली. मित्र मुद्दाम हरत होता. ह्याची श्रेणी चढत होती आणि बक्षिसाचा पोशाख मिळणार होता. (तोही पडद्यावरचाच!)

"सर, ह्यात कोणाचे काय गेले?"

दक्षिण कोरियात 'स्टारक्राफ्ट' खेळाचे सामने असेच ठरवल्याच्या प्रकरणी २०१० साली ११ आजीमाजी खेळाडूंना कायमचे बाद केले गेले, हे आम्ही सांगितले. त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. कोरिया फार दूर!

मग आम्ही विचारले, "तू चढलास तेव्हा कोण कोण खाली गेले?"

तो यादी वाचू लागला. तिसऱ्या नावापाशी थांबला. ते त्याच्याच बाकावरच्या मुलाचे होते.