आकाशातले अनोळखी दिवे : काही टिपणं

लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठच्या जवानांनी ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात ३२९ वेळा आकाशातल्या अनोळखी दिव्यांची नोंद केली. त्यातल्या १५५ वेळा दिवा ताबारेषा ओलांडून आपल्या हद्दीत आला, असं त्यांना वाटलं. संशय चिनी ड्रोनचा. एक दिवा संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्वेला दिसे, दुसरा पहाटे चारच्या सुमारास. शेवटी लष्कराने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी आधी एकच गोष्ट तपासायची ठरवली : दिवा ताऱ्यांना मागे टाकून पुढे जातो, की त्यांच्यासोबतच सरकतो? सोबतच सरकत होता. एक गुरू निघाला, दुसरा शुक्र.

*

ही बातमी आली तेव्हा लोक हसले. मला राग आला होता. १४ हजार फुटांवर हवा विरळ, धूळ नाही. तिथे ग्रह केवढे लखलखतात! समोर परक्यांची सीमा, कडाक्याची थंडी, आणि तरीही रात्रीमागून रात्र वेळ आणि दिशा लिहून ठेवणारी माणसं. कोडं सुटलं ते त्या नोंदींमुळेच.

*

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या घोटीत पावसाळाभर आकाश लडाखसारखं नसतंच. भात झोडून झालं की थंडीत कळसूबाईच्या रांगेवर ते स्वच्छ मिळतं. आमच्याकडची जुनी माणसं शुक्राची चांदणी बरोबर ओळखतात. नव्या पोरांना मात्र विमान कुठलं आणि उपग्रह कुठला, हे सांगावं लागतं. विमानाचे दिवे लुकलुकतात. उपग्रह न लुकलुकता सरळ जातो आणि मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतो. शिवाय जवळच देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र. आकाशात उजेड दिसला की आधी हे सगळं आठवून पाहावं.

*

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी जळत जाणाऱ्या गोळ्यांची रांग पाहिली. उल्का क्षणात संपते. हे सावकाश, तुकडे होत, एकाच रेषेत चाललं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास धातूचे गोळेही सापडले. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तो टप्पा असावा, असं उपग्रहांचा माग ठेवणाऱ्या जाणकारांनी सांगितलं. कुणाच्या घरावर पडलं नाही, हे नशीब.

*

सगळी कोडी सुटतातच असं नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसली. उड्डाणं थांबली, हवाई दलाची राफेल विमानं शोधाला गेली. वस्तू पुन्हा दिसली नाही. हवाई दलाने तेवढंच सांगितलं, पदरची गोष्ट जोडली नाही. मला हे पटतं. अमेरिकेच्या हवाई दलानेही १९६९ मध्ये ‘ब्लू बुक’ ही अशा दिव्या-वस्तूंची चौकशी बंद करताना १२,६१८ पैकी ७०१ नोंदी ‘अनोळखी’ म्हणूनच ठेवल्या.

*

काही दिसलं, तर मोबाइल काढण्याआधी वेळ पाहा. दिशा डोंगराच्या किंवा झाडाच्या खुणेने लक्षात ठेवा. आवाज होता का, ताऱ्यांच्या तुलनेत ते सरकलं का, हेही लिहा. शेतात काही पडलं, तर हात लावू नका. ते हैदराबादहून सोडलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुग्याचं यंत्रही असू शकतं. पॅराशूटने उतरणारी ही यंत्रं कधी महाराष्ट्रातही येतात. उघडलंत तर मोजमाप वाया जाईल. आधी पोलीस ठाण्यात कळवा.