उलटी तार

मोठा आवाज आणि मोठा नाद या दोन वस्तू अगदी निराळ्या आहेत, हे आम्हांस मोटारीच्या डिकीत डोके घालून कळावे, हा काळाचाच महिमा म्हणावयाचा! सबवूफर म्हणजे शेजाऱ्यांची तावदाने हलविण्याचे यंत्र, अशी आमची पक्की समजूत होती. तरीही चिरंजीवांनी हट्टाने तसले दोन सबवूफर आमच्या जुन्या गाडीत बसविले. आणि मौज अशी की, इतका खर्च होऊन खर्ज होता तेथेच राहिला.

मग उपचार सुरू झाले. बॅटरीपासूनची तार बारीक आहे असे एकाने सांगितले. ती जाड आणली. दुसऱ्याने अर्थिंगची तार पत्र्याच्या रंगावरच आवळलेली दाखविली. रंग खरवडून ती उघड्या पत्र्यावर कसली. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता, तोही घातला. हे मात्र नादासाठी नव्हे. तार कोठे घासून पत्र्याला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून! चार ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की अॅम्प्लिफायरपुढे दोनच ओहम उरतात, व तेवढे न सोसणारा अॅम्प्लिफायर तापून बंद पडतो, हा पाठही आम्ही घोकला. आमचा सोसणारा निघाला. खर्ज मात्र ढिम्म हलेना.

शेवटी चिरंजीवांनी एका सबवूफरची तार काढली, तो काय, खर्ज वाढला! दोघांपैकी एक गप्प बसला की दुसरा ऐकू येतो, हा अनुभव आम्हांस सभासंमेलनांतून होता. यंत्रांत तो नवाच. एकाच्या धन आणि ऋण तारांची अदलाबदल झाली होती. एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. एक हवा दाबी, दुसरा विरळ करी. सेकंदास 70 कंपने असलेल्या नादाची लाट सुमारे 5 मीटर लांब असते; हातभर अंतरावरचे हे दोघे एकमेकांस जवळजवळ पुसूनच टाकीत होते. दोन तारा बदलल्या. दमडीही लागली नाही.

आमच्या तीर्थरूपांना एके काळी तबल्याचे वेड होते. म्हातारपणी कानांतून प्रथम उंच, बारीक स्वर जातात. खर्ज त्यामानाने पुष्कळ दिवस टिकतो. तीर्थरूपांना चाटीचे बोल ऐकू येईनासे झाले होते, आणि गाडीच्या दारांतल्या चिमुकल्या स्पीकरांना डग्गा पेलत नसे. त्यांनी गाणे ऐकणेच सोडले होते. त्या सायंकाळी नातवाने त्यांना मागच्या बाकावर बसवून तबल्याचे एक मुद्रण लावले. आम्ही खर्चाचा विषय काढण्याच्या बेतात होतो. पाहतो तो त्यांचा हात गुडघ्यावर ठेका धरीत होता. एक आवर्तन झाले, दुसरे झाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"डग्गा जरा चढा लागलाय रे," ते नातवाला म्हणाले, "पुन्हा लाव बघू."