अँटिव्हायरसला गोणपाट नाही

जून तोंडावर आला की लिंबागणेशात घरोघरी एक गोणपाट भिजतं. सोयाबीनचे शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यानं उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या आसपास निघाले तर पेरायला हरकत नाही. फारच कमी निघाले तर ते बी घरातच राहतं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या होत्या. औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हापासून आमचे तात्या सीलबंद पिशवीवरही विश्वास ठेवत नाहीत. पिशवीवरचा टॅग खरा की खोटा हे त्यांना कळत नाही, पण दाणा उगवतो की नाही हे डोळ्यांनी दिसतं.

हे सगळं मला आठवलं ते चुलतभावाच्या एका प्रश्नामुळे. दादाचं गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीक विमा, सातबारा, पॅन कार्ड, लाइटबिल, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं एकाच डेस्कटॉपवर. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गावाच्या हिशेबात याचा अर्थ असा की प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून बंद पडलेल्या यूपीआयपर्यंत सगळं मला कळतं. दिवाळीत गेलो तर दादा म्हणाला, "अँटिव्हायरसची मुदत संपलीय. परत घेऊ का नको, तेवढं सांग."

'तेवढं' सांगायला मला दोन दिवस लागले.

कारण अँटिव्हायरसला गोणपाट नाही. वर्षभर काही झालं नाही, तर त्यानं व्हायरस अडवले म्हणून झालं नाही, की मुळात काही आलंच नव्हतं? दोन्हीकडची शांतता सारखीच. चाचणी म्हणून एक गोष्ट आहे खरी. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल असते. ती कॉम्प्युटरवर ठेवली की चालू असलेल्या अँटिव्हायरसनं आरडाओरडा करायचा, असं सगळ्या कंपन्यांनी मिळून मान्य केलंय. पण त्यातून एवढंच कळतं की राखणदार जागा आहे. चोर ओळखता येतो का, ते कळत नाही.

मग प्रयोगशाळा आहेत. जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्हज. त्या हजारो घातक फाइली घेऊन एकेका अँटिव्हायरसची परीक्षा घेतात आणि निकाल फुकट वाचायला मिळतात. अडचण अशी की कॉम्प्युटरच्या परीक्षेत बहुतेक नावाजलेली मंडळी ९९ टक्क्यांच्या आसपास असतात, आणि त्यात विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडरही असतो. अख्खा वर्ग मेरिटमध्ये आला की मार्कांवरून पोरगी देता येत नाही.

फोनचा निकाल मात्र बघण्यासारखा होता. २०१९ मध्ये एव्ही-कम्पॅरेटिव्हजनं अँड्रॉइडची २५० अँटिव्हायरस अ‍ॅप्स तपासली. प्रत्येकासमोर २००० घातक अ‍ॅप्स ठेवली. पास व्हायची अट अगदी किरकोळ होती: ३० टक्क्यांहून जास्त ओळखा आणि चांगल्या अ‍ॅपला वाईट म्हणू नका. पास झाली ८०. काही अ‍ॅप्स तपासत काहीच नव्हती, फक्त नावांची एक यादी जवळ बाळगून होती. अ‍ॅपचं अंतर्गत नाव एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावानं सुरू झालं की चांगलं, नाहीतर वाईट. त्यातल्या काहींनी स्वतःचं नाव यादीत घालायचं विसरून स्वतःलाच व्हायरस ठरवलं होतं. दादा हे ऐकून इतका हसला की चहा सांडला.

मराठी माणसाला अँटिव्हायरसबद्दल थोडी आपुलकी असते, आणि त्याला कारण आहे. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. गिऱ्हाइकांची मशीन व्हायरसनं पुन्हा पुन्हा बंद पडतात म्हटल्यावर कॉम्प्युटर शिकणारा धाकटा भाऊ संजय यानं ते साफ करायचे प्रोग्राम लिहिले. १९९५ च्या सुमारास त्यातून क्विक हील उभा राहिला, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. मला यात पैशापेक्षा एक गोष्ट जास्त लक्षात राहते. त्या काळात मशीन दुरुस्त करणारा आणि औषध विकणारा एकच होता. व्हायरस फ्लॉपीवरून यायचा, हळूहळू पसरायचा, आणि औषध लागू पडलं की नाही ते समोर दिसायचं. विंडोजमध्ये स्वतःचं पुरेसं संरक्षण नव्हतं. ते यायला २०१२ चं विंडोज ८ उजाडलं. म्हणजे त्या वेळी 'अँटिव्हायरस घ्या' हा सल्ला बरोबरच होता. परिस्थिती बदलली, सल्ला तसाच राहिला.

पण 'चालतो का' हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा मला जास्त छळतो: तो कुणाच्या बाजूनं आहे?

अँटिव्हायरसला काम करायचं तर प्रत्येक फाइल उघडून बघावी लागते, प्रत्येक वेबसाइटचा पत्ता वाचावा लागतो, आणि बाकी सगळ्या प्रोग्रामांपेक्षा वरचे अधिकार लागतात. घराच्या सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात, तो चोर नसला तरी त्याच्याबद्दल चौकशी करावीच लागते. अवास्ट हे जगातल्या सगळ्यात लोकप्रिय फुकट अँटिव्हायरसांपैकी एक. २०२० च्या जानेवारीत दोन अमेरिकी प्रकाशनांनी उघड केलं, की अवास्ट आपल्या वापरकर्त्यांनी काय शोधलं, कुठं क्लिक केलं याची माहिती जम्पशॉट नावाच्या आपल्याच कंपनीमार्फत विकत होता. नावं काढून टाकलीत असं सांगितलं जायचं, पण प्रत्येक मशीनला एक कायमचा ओळख क्रमांक होता. रोज रात्री कोण काय बघतं याची सलग साखळी हातात असली की नावाची गरज उरत नाही. बोभाटा झाल्यावर जम्पशॉट बंद केली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या आयोगानं, एफटीसीनं, १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. यातली गंमत बघा: तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांना अडवतो, हीच अवास्टची जाहिरात होती.

पैसे देऊन घेतला तर हे होत नाही? नॉर्टन पैसे घेतो. २०२१ मध्ये त्यानं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये क्रिप्टो चलन काढायची सोय घातली. वापरकर्त्यानं चालू केली तरच चालणार, पण कमाईतला १५ टक्के वाटा नॉर्टनचा आणि वीजबिल तुमचं. कॅस्परस्कीवर अमेरिकेनं २०२४ मध्ये बंदी घातली, तेव्हा तिथल्या कित्येक गिऱ्हाइकांच्या मशीनवर एक दिवस कॅस्परस्की आपोआप गेला आणि कधी नावही न ऐकलेला अल्ट्राएव्ही येऊन बसला. तो कदाचित चांगला असेलही. पण राखणदारानं जाताना मालकाला न विचारता किल्ल्या दुसऱ्याच्या हातात दिल्या.

आणि राखणदार प्रामाणिक असूनही त्याच्या खोलीची खिडकी उघडी राहू शकते. २०१६ मध्ये गूगलचा संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यानं नॉर्टनच्या कंपनीच्या उत्पादनांत अशी भोकं दाखवली, की घातक फाइल ईमेलनं नुसती येऊन पडली तरी पुरे. तुम्ही ती उघडायची गरज नाही, कारण अँटिव्हायरसच ती तपासायला उघडणार. मुंबईच्या ई-स्कॅनचे अपडेट सुरक्षित नसलेल्या साध्या जोडणीवरून यायचे. त्याचा फायदा घेऊन चोरांनी अपडेटच्या जागी स्वतःचा माल घुसवला, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. ते शोधून काढलं अवास्टच्याच संशोधकांनी. तेव्हा या धंद्यात अमुक वाईट, तमुक चांगला अशी सरळ वाटणी मला करता येत नाही. त्याच घरात पाळत विकणारेही होते आणि दुसऱ्याचं भोक शोधून कळवणारेही.

दादाचं म्हणणं वेगळंच होतं. "पैसे दिले की कुणीतरी जबाबदार असतंय. फुकटवाल्याला विचारायचं कुणाला?" मी त्याला परवान्याचा तो लांबलचक करार दाखवला. नुकसान झालं तर कंपनीची जबाबदारी फार तर तुम्ही भरलेल्या किमतीएवढी, असा मजकूर त्यात होता. तो म्हणाला, "कंपनी मरू दे. बीडचा दुकानदार फोन केला की येतो." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. दादा दर वर्षी सॉफ्टवेअर विकत घेत नव्हता, फोन उचलणारा माणूस विकत घेत होता. फक्त त्या माणसाची किंमत एका डब्यात घालून, डब्याच्या नावानं वसूल होत होती.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. दादाच्या मशीनवर विंडोज १० होतं, आणि त्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे नेमकी दिवाळीच्या आठवडाभर आधी संपली होती. अँटिव्हायरसच्या मुदतीची खिडकी दिवसातून चारदा उघडत होती. विंडोजच्या मुदतीकडे कुणाचं लक्षही नव्हतं, आणि खरा धोका तोच. भिंतीला भोक असेल तर राखणदार बदलून काय होणार? मायक्रोसॉफ्ट खातं जोडून एक वर्षाचे जादा सुरक्षा अपडेट चालू केले. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढला, डिफेंडर चालू झाला. वाचलेल्या पैशात थोडी भर घालून एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली. रोज संध्याकाळी कॉपी करायची आणि वायर काढून कपाटात ठेवायची. खंडणी मागणारा व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो, कपाटातली नाही. शेवटी डाउनलोडचा फोल्डर उघडला. तीन वर्षांतल्या गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पासबुकांचे फोटो, अंगठ्यांचे स्कॅन, सगळं गावच तिथं पडलं होतं. ते पुसायला दोघांना अख्खी दुपार लागली. जगातला कुठलाही अँटिव्हायरस ते पुसा म्हणाला नसता.

कॉम्प्युटरचं असं निभावून नेता येतं. फोनचं अवघड आहे, आणि गावात पैसा फोनमध्ये आहे.

आमच्या भावकीतल्या एका काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. दिसायला पत्रिका, फाइल एपीके, म्हणजे अ‍ॅपच. ती टाकताना फोननं इशारा दिला. तेवढ्यात फोन आला. पलीकडचा पोरगा 'मावशी, मावशी' करत गोड बोलत होता. सेटिंगमध्ये जा, हे बंद करा, ते चालू करा. काकूंनी केलं. अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, ओटीपी तिकडे जाऊ लागले, आणि सोयाबीनच्या पट्टीचे एक्केचाळीस हजार दोन झटक्यांत गेले. त्यांच्या फोनवर अँटिव्हायरस होता. मी बघितला तेव्हाही त्यावर हिरवी खूण होती आणि 'तुमचा फोन सुरक्षित आहे' असं शुद्ध मराठीत लिहिलं होतं.

ते अ‍ॅप अगदी खोटं होतं असं नाही. अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. अँटिव्हायरसही इतरांसारखंच एक भाडेकरू. शेजारच्या खोलीत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. नवीन येणाऱ्याचा चेहरा जुन्या गुन्हेगारांच्या फोटोंशी ताडून बघणं, हे त्याचं मुख्य काम. आणि हे चोर थोड्या थोड्या दिवसांनी चेहरा बदलतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलनं भारतासाठी एक वेगळा प्रयोग जाहीर केला. बाहेरून आलेलं अ‍ॅप मेसेज वाचायची किंवा स्क्रीनचा ताबा घ्यायची परवानगी मागत असेल, तर ते टाकूच द्यायचं नाही. चेहरा बघायचाच नाही, मागणी बघायची. मला हे कुठल्याही विकतच्या अँटिव्हायरसपेक्षा शहाणपणाचं वाटतं. तरी फोनवर गोड बोलणारा 'आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा' असंच सांगतो.

१९३० ला फोन लावेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता, कारण काकूंनी रात्रभर ते कुणाला सांगितलंच नाही. त्यांना पैशापेक्षा पोरगा काय म्हणेल याची भीती जास्त होती. तक्रार झाली. पैसे अजून आलेले नाहीत. काकूंनी ते हिरव्या खुणेचं अ‍ॅप काढायला मला साफ नकार दिला. म्हणाल्या, "राहू दे रे, असलं तर बरं वाटतंय."