बावखलातील आरमार

वसईतील आमच्या वाडीत एक बावखल होते. पावसाचे गोडे पाणी त्यात साठे आणि त्यावर केळी व पानवेली जगत. वडीलधाऱ्यांच्या लेखी ती शिंपण्याची सोय होती. आम्हां दोघांच्या लेखी तो समुद्र होता.

दोघे म्हणजे मी आणि आमच्याकडे राबणाऱ्या वारली गड्याचा मुलगा. तो शाळेत जात नसे. किल्ल्याच्या सहलीत गुरुजींनी सांगितलेली 1739 ची मोहीम मी त्याला ऐकवली मात्र, त्याने चिमाजी अप्पांचे पद पटकावले ते कायमचेच! मी फिरंगी कप्तान आणि पलीकडचा बांध हा माझा किल्ला. सांजघंटा झाली की किल्ला पडे. कारण मला रोझरीसाठी घरी जावे लागे. इतिहासाशी आम्ही तेवढेच प्रामाणिक होतो.

1963 च्या दिवाळीच्या सुट्टीत अप्पांना आरमाराची गरज भासू लागली. घड उतरवलेल्या केळीचे खांब पाण्यावर अलगद तरंगतात. असे दोन खांब आम्ही बांबूच्या खुंट्यांनी जोडले, पण त्यावर बसताच तराफा कलंडे. तिसरा खांब हवा होता. घड उतरवलेली केळ आणखी नव्हती. एक नुकतीच निसवलेली होती. तिचे केळफूल अजून मिटलेलेच होते.

"ती नको, मालक मारतील," तो म्हणाला.

कोयता मी चालवला.

त्या दिवशी आम्ही दोघे एकाच तराफ्यावर बसलो. मराठे आणि फिरंगी एकाच गलबतात! पाय पाण्यात सोडून आम्ही भर समुद्रात गेलो. खंड्या सूर मारी, त्याला आम्ही तोफगोळा म्हणालो. एवढा निर्भेळ आनंद मला पुढे फारसा लाभला नाही.

सायंकाळी वडिलांनी खुंट पाहिला. त्यांनी मला काहीच विचारले नाही, सरळ त्यालाच विचारले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्याच्या बापाने आमच्यादेखत त्याला मारले. वर गड्याच्या मजुरीतून दोन रुपये कापले गेले. मी रहाटाचा खांब धरून उभा होतो. त्या शनिवारी पापनिवेदनाच्या वेळी मी खोटे बोलल्याची पापे मोजून सांगितली. हे त्यांत धरले नाही, कारण मी बोललोच कुठे होतो?

दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे आला. "चल, किल्ला घेऊ," म्हणाला. मीच गेलो नाही. नाताळापूर्वी ते कुटुंब डोंगराकडे निघून गेले.

पुढे वाडीची वाटणी झाली, बावखल भरावाखाली गेले, त्यावर चार मजले चढले. इमारतीतील मंडळी दर जुलैत तक्रार करतात, की तळमजल्यावर पाणी येते कुठून. मी त्यांना बावखलाची जागा दाखवतो, कुठून कुठवर होते ते सांगतो. किल्ल्याचा बांध जिथे होता, तिथे आता पाण्याचा पंप बसवला आहे.