दोन शिक्षिका

१२ जानेवारी १८८८. त्या दिवशीच्या उबेनंच घात केला, असं मला राहून राहून वाटतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का, डाकोटा आणि मिनेसोटाच्या गवताळ माळांवर आधी कडाक्याची थंडी होती. त्या सकाळी ती ओसरली. शेतकऱ्यांनी गुरं मोकळी सोडली, पोरं जाड कोट न घालताच शाळेत गेली. मग वायव्येकडून हिमवादळ आलं. त्यातला बर्फ पिठासारखा बारीक होता. तो नाकातोंडात, पापण्यांत भरायचा, आणि स्वतःचा पुढे केलेला हातही दिसेना. सुमारे २३५ माणसं गेली असं मानतात. शाळेतून घरी निघालेली मुलं त्यांत इतकी होती, की त्या वादळाला मुलांचंच नाव पडलं.

मला त्यातल्या दोन तरुण शिक्षिका सोडत नाहीत. मिरा व्हॅलीच्या मिनी फ्रीमनच्या शाळेचं छप्पर वाऱ्यानं उडवलं. ती मुलांना घेऊन बाहेर पडली आणि सगळ्यांना सुखरूप एका घरी पोहोचवलं. प्लेनव्ह्यूजवळच्या लोईस रॉइसच्या शाळेतलं जळण संपलं. तीही तीन मुलांना घेऊन निघाली. तिचं राहतं घर दोनशे यार्डांच्या आत होतं, पण वाट चुकली. रात्रभर तिन्ही मुलांना कुशीत घेऊन ती उघड्यावर पडून राहिली. सकाळ व्हायच्या आत तिन्ही गेली. ती सरपटत एका शेतघरापर्यंत पोहोचली. तिचे दोन्ही पाय कापावे लागले.

मिनीवर गाणं झालं, वर्तमानपत्रानं तिच्यासाठी निधी जमवला. मुलांना दोरीनं बांधून तिनं नेलं, असंही सांगतात. ती दोरी खरंच होती का, याबद्दल एकमत नाही. पण लोकांना दोरी हवी होती, हे मी समजू शकतो. दोरी असली की वाचण्याला कारण मिळतं. मग न वाचलेल्यांकडे ती नव्हती, एवढं म्हणून मोकळं होता येतं.

मला तसं मोकळं होता येत नाही. मिनी शहाणी आणि लोईस उतावीळ, असं मानायला कुठलाच आधार नाही. छप्पर गेलं तरी बाहेर पडायचं, जळण संपलं तरी बाहेर पडायचं. दोघींना थांबायला जागा उरली नव्हती.

आणि त्या एकट्या शाळा तिथं होत्या कशा? १८६२च्या कायद्यानं १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे, मात्र पाच वर्षं त्याच जमिनीवर राहून ती कसावी लागे. म्हणून घरं एकमेकांपासून लांब लांब उभी राहिली. हवामानाचा अंदाज तेव्हा लष्कराचं सिग्नल खातं देई. तारेनं तो स्टेशनांपर्यंत जाई, माळावरच्या शाळेपर्यंत नाही. त्या मुलखात वस्ती करायला लोकांना बोलावणाऱ्यांनी हा हिशेब केला नव्हता, आणि त्याचा भार एका तरुण मुलीच्या निर्णयावर पडला.

वाचलेल्या म्हाताऱ्यांनी १९४०मध्ये मंडळ काढलं आणि आपापल्या आठवणी गोळा केल्या. १९४७मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. मला हे काम गाण्याहून मोठं वाटतं. आठवणींच्या अशा संग्रहात लोईसची रात्र मिनीच्या दुपारशेजारी ठेवता येते, आणि कोण बरोबर होतं हे न विचारता दोन्ही वाचता येतात.