कणकेची चिमणी

माझ्या हातांची खडूखेरीज दुसऱ्या कोणत्याही हत्याराशीं ओळख नाहीं. गेलीं तीस वर्षें मी कॉलेजच्या वर्गांतून दोन पक्षी उडवीत आलों आहें. एक शेलेचा स्कायलार्क; तो १८२० सालीं इटलींत लिव्होर्नो गांवाजवळ कवीनें ऐकला. दुसरा कीट्सचा नाइटिंगेल. तो त्याच्या आदल्या वर्षीं लंडनजवळ हॅम्प्स्टेड येथें कवीच्या घराशेजारीं गात होता. या दोघांच्या गाण्यावर मी तासन् तास बोलूं शकतों. त्यांपैकीं एकही मीं डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं मला कधीं विचारलें नाहीं आणि मींही आपण होऊन सांगितलें नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत साडेचार वर्षांच्या एका मुलीनें घरांत पाऊल टाकल्यावर पहिल्याच दुपारीं मला विचारलें, "आजोबा, तुम्हांला चिमणी करतां येते का?" आणि माझ्या पांडित्याचें पितळ उघडें पडलें.

ही मुलगी म्हणजे आमची नात. तिच्या आईचें दुसरें बाळंतपण आषाढांत व्हावयाचें, तें वैशाखांतच झालें. मुलगा झाला, पण तो दीड किलोलाही भरला नाहीं, आणि त्याला आईच्या कुशींत न देतां कांचेच्या पेटींत ठेवावें लागलें. जांवई घर आणि दवाखाना यांच्यामध्यें धांवत होते. म्हणून नातीला मुंबईहून पुण्यास आमच्याकडे आणली. तिला यांतलें कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं, असें आम्हीं मोठ्या माणसांनीं ठरवून टाकलें. आई आणि बाळ मजेंत आहेत, एवढेंच तिला सांगत असूं. फोन वाजला कीं मी गॅलरींत जाऊन दार लोटून घेई. नात तेव्हां दिवाणखान्याच्या खिडकीशीं स्टुलावर उभी राहून रस्त्याकडे पाहत असे.

सकाळ कशीबशी निघून जाई. दुपार मात्र जातां जात नसे. पहिला उपाय मीं केला तो शहरी माणसाला शोभेल असाच, म्हणजे दुकानांतून एक पेटी विकत आणली. तिच्यांत पुठ्ठ्याचे कापून तयार ठेवलेले पंख, तयार चोंची आणि मागें चिकट लावलेले डोळे होते. दहा मिनिटांत सहा पोपट तयार झाले. सहाही सारखे होते. नातीनें ते रांगेनें मांडले, त्यांच्याकडे पाहिलें आणि ती पुन्हां खिडकीशीं गेली.

मग मी ग्रंथांकडे वळलों. प्राध्यापकाला दुसरी वाट माहीत नसते. कागदाच्या घड्यांचें शास्त्र केवढें आहे हें मला तेव्हां कळलें. एकाच कागदांतून एकमेकांना जोडलेले अनेक करकोचे कसे काढावे, हें सांगणारें पुस्तक जपानांत १७९७ सालींच छापलें गेलें होतें. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल यानें लहान मुलांच्या उद्योगांत कागदाच्या घड्यांना मानाचें स्थान दिलें. आणि त्या उद्योगांवरून स्फूर्ति घेऊन आपल्याकडच्या सुंदर राव यांनीं १८९३ सालीं मद्रासेंत घड्यांच्या साह्यानें भूमिति शिकविणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. हें सारें ज्ञान घेऊन मी चौकोनी कागदासमोर बसलों. चौथ्या घडीपर्यंत आमचें ठीक चाललें. पुढें चित्रांतला बाण आंत वळला आणि माझा करकोचा बाहेर वळला.

हातांनीं जमेना म्हणून मीं तोंडाचा आश्रय घेतला आणि हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्ट सांगूं लागलों. एक हजार करकोचे केले म्हणजे मनांतली इच्छा पुरी होते, या श्रद्धेनें ती मुलगी घड्या घालीत बसली. पुढचें वाक्य माझ्या ओठांवर आलें, आणि ती १९५५ सालीं वयाच्या बाराव्या वर्षीं दवाखान्यांतच वारली हें आठवून मी तेथेंच थांबलों.

"मग?" नातीनें विचारलें.

"मग तिनें पुष्कळ पांखरें केलीं," मी म्हणालों.

"तिची इच्छा काय होती?"

मीं चष्मा पुसावयास घेतला. त्या दिवशीं मला जपानी विद्येपेक्षां स्वयंपाकघर अधिक सुरक्षित वाटलें.

तेथें पत्नी पोळ्यांची कणीक मळीत होती. तिनें कांहीं न बोलतां लिंबाएवढा गोळा तोडून नातीच्या हातांत दिला. तो हातांत फिरलेला पाहतांच पन्नास वर्षें मागची आमच्या कोंकणांतल्या घरची चूल माझ्या डोळ्यांपुढें आली. आम्हांला भूक अनावर झाली कीं आई अशीच कणकेची चिमणी करून देई. गोळ्याची एक बाजू चिमटींत धरून ओढली कीं चोंच होई, दुसरी बाजू दाबून पसरली कीं शेपूट. दोन मिरे टोंचले कीं डोळे. मग ती चिमणी निखाऱ्यांच्या कडेला भाजावयास ठेवावयाची. ती भाजून होईपर्यंत आम्हीं भावंडें ओरडावयाचें विसरत असूं, आणि तोंवर पहिली पोळी तयार होई. आईनें या युक्तीला कधीं शिक्षण म्हटलें नाहीं. चिमणीचे वांटे करतांना तिच्यावर पदराचें टोंक धरून "चिमणीच्या दांतांनीं" ती तोडावयाची, म्हणजे उष्टें होत नाहीं, हा आमचा कायदा होता.

कोणाला करून पाहावयाची असेल तर अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतों. कणीक पोळ्यांच्या कणकेहून घट्ट हवी, नाहीं तर चोंच लोंबते. आणि गॅसवरच्या तव्यावर चिमणी भाजावयाची तर ती चपटी करावी. आमच्या पहिल्या चिमणीची पाठ करपली आणि पोट कच्चें राहिलें. नातीनें ती तशीच खाल्ली. दुपारच्या जेवणाला तोंड न लावणारी मुलगी कणकेच्या तीन चिमण्या खाऊन गेली, हें पाहून पत्नीनें माझ्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें तिचा अर्थ लावण्यास टीकाकाराची गरज नव्हती.

तेथून आमच्या उद्योगाला वाट फुटली. खळ घरच्याच मैद्याची शिजवली; मुलानें बोट चाटलें तरी भय नाहीं. मोर तर हातावरच बसलेला असतो. तळव्याला आणि बोटांना रंग लावून कागदावर ठसा उठवावा. आंगठा म्हणजे मान, चार बोटें म्हणजे पिसारा, मग काडीनें तुरा आणि पाय काढावे. निळा रंग आम्हीं धुण्याच्या निळीचा केला, पिवळा हळदीचा, तांबडा बिटाचा. अंगणांतलीं वाळलेलीं पानें वेंचून आणलीं. पिंपळाचें पान देंठाकडून फिरवून ठेवलें कीं तें शेपटीसकट पांखराचें अंगच होतें, आणि चिंचेचीं बारीक पानें पिसांना चालतात. पुढें माझ्या वाचनांत आलें कीं, ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें तेव्हां महागड्या परदेशी साहित्याऐवजीं पानें, बिया, शिंपले अशींच साधनें मुलांच्या हातीं दिलीं होतीं. मला हें तीस वर्षांपूर्वीं, माझी मुलगी लहान असतांना, वाचावयास हवें होतें. तिला मीं पुस्तकें पुष्कळ दिलीं. तिच्या शेजारीं खळीनें हात माखून बसल्याचें मला एकदांही आठवत नाहीं.

आतां माझ्या अपराधाकडे येतों. एके दुपारीं आम्हीं कावळा करावयास घेतला. या वयाच्या मुलांना कात्री फारशी साधत नाहीं, पण कागद फाडणें उत्तम साधतें. आणि फाडलेल्या कडेला जो ओबडधोबडपणा येतो तो पिसांना शोभतो. फोटोंच्या जुन्या अल्बमचीं काळीं पानें नातीनें फाडलीं आणि खळीनें चिकटवून मोठा छान कावळा केला. मग तिनें वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून त्याच्या मानेभोंवतीं चिकटवली.

"अगं, हें काय? कावळा काळा असतो, बाळ," मी म्हणालों.

"मान नसते काळी."

"सगळा काळा असतो," असें म्हणून मीं ती ओली पट्टी सोलून काढली आणि त्या जागीं काळा तुकडा लावून दिला. ती रडली नाहीं. उठून खिडकीशीं गेली, इतकेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेत असतां त्याच खिडकीच्या गजावर कावळा येऊन बसला. मीं आयुष्यांत प्रथमच कावळा पाहिला असें म्हटलें तरी चालेल. त्याची मान आणि छाती स्वच्छ राखी रंगाची होती, अगदीं वर्तमानपत्राच्या कागदासारखी! सगळा काळा असतो तो डोमकावळा. आपल्या गांवांतून वावरणारा हा दुसरा. पंधरा दिवस ती मुलगी आईची वाट पाहत त्या खिडकीशीं उभी होती, आणि तिच्या भेटीला नेमानें येत होता तो हा एकटाच. मीं कचऱ्याच्या डब्यांतून कालची पट्टी शोधली. ती चुरगळून गेली होती. दुसरी फाडली आणि कावळ्याच्या मानेवर लावली, वांकडीच बसली. नात उठून आल्यावर तिच्यापुढें कावळा धरून म्हणालों, "माझें चुकलें होतें." तिनें पट्टी नीट पाहिली आणि म्हणाली, "असूं दे."

मग तिला घरटें हवें झालें. कपाटावर सुगरणीचें एक रिकामें घरटें पुष्कळ वर्षें पडून आहे. गांवच्या विहिरीवरच्या बाभळीखालीं पडलेलें तें मीं उचलून आणलें होतें. त्यासारखें विणावें म्हणून आम्हीं गवताच्या काड्या घेऊन तासभर झटलों आणि शरण गेलों. मीं तिला सांगितलें कीं, हें घरटें नर विणतो. आपल्या भाषेनें या पक्ष्याला सुगरण हें स्त्रीलिंगी नांव देऊन सारें श्रेय मादीच्या पदरांत टाकलें आहे. वास्तविक नर अर्धें घरटें विणून मादीला दाखवतो, आणि तिच्या पसंतीस उतरलें तरच तो खालची नळी विणून तें पुरें करतो.

"म्हणजे बाबा बांधतात आणि आई बघते," ती म्हणाली.

"होय."

"आमचे बाबा दवाखान्यांत आहेत ना, म्हणून आपण बांधूं."

नारळाची करवंटी घेतली. आंत उशींतला कापूस पसरला. कणकेच्या तीन चिमण्या केल्या: बाबा, आई आणि ताई. चौथें पिल्लू तिनें वाटाण्याएवढ्या गोळ्याचें केलें. तें मात्र करवंटींत ठेवलें नाहीं. बशींत वेगळा कापूस घालून त्यावर ठेवलें, आणि स्वयंपाकघरांतून कांचेचा पेला आणून त्यावर उपडा घातला.

पत्नी दारांत उभी होती. आम्हीं दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. तिला हें कोणीं सांगितलें, हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. गॅलरीचें दार पुरतें लागत नाहीं, हें मला ठाऊक होतें.

त्या दिवसापासून ती बशी जेवणाच्या टेबलावर राहिली. रोज सकाळीं उठल्याबरोबर नात पेल्यांतून पिल्लाकडे पाही आणि मगच दूध पिई. ओल्या कणकेला पेल्याखालीं दोन दिवसांत बुरशी येते, हें मला सुचलेंसुद्धां नाहीं. एका रात्रीं पाणी प्यावयास उठलों तेव्हां स्वयंपाकघरांत दिवा दिसला. पत्नी ओट्याशीं उभी राहून पिल्लू करीत होती. जुनें बाजूला ठेवून त्याच्याशीं ती नव्याची चोंच ताडून पाहत होती.

"हें कितवें?" मीं विचारलें.

"सहावें," ती म्हणाली. मग थोडें थांबून म्हणाली, "दरवेळीं चिमूटभर कणीक जास्त घेतें मी. तिच्या लक्षांत आलें आहे, पण बोलत नाहीं."

मुंबईहून रोज बाळाच्या वजनाचा आंकडा येत असे. मी तो गॅलरींत उभा राहून वहींत टिपून ठेवीत असें. कांहीं दिवस तो आंकडा हललाच नाहीं, आणि दोन दिवस खालीं गेला. त्या दिवसांतलें पिल्लू केवढें होतें हें मीं पत्नीला विचारलें नाहीं.

ज्येष्ठाच्या अखेरीस, पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळीं फोन आला. या वेळीं मी गॅलरींत गेलों नाहीं. बाळाला पेटींतून कायमचें बाहेर काढून आईच्या कुशींत दिलें होतें. आमच्या मुलीचा आवाज मीं नातीच्या कानाशीं धरला. ती बराच वेळ नुसती मान हलवीत होती. फोनवर मान दिसत नाहीं हें तिला सांगावयाचें कोणालाच सुचलें नाहीं. फोन संपल्यावर मी आनंदाच्या भरांत पेला उचलावयास गेलों.

"थांबा," ती ओरडली. "आधीं हात धुवा."

आम्हीं तिघांनींही साबण लावून हात धुतले. मग तिनें दोन्ही हातांनीं पेला उचलला, पिल्लू करवंटींतल्या कापसावर आई-चिमणीजवळ नेऊन ठेवलें, आणि रिकामा पेला आजीपुढें धरून म्हणाली, "आतां यांतच मला पाणी दे."