पडताना शून्य

एका सेन्सर ड्रायव्हरचं डॉक्युमेंटेशन लिहायचंय, म्हणून लिनक्स कर्नलमधलं ‘एलआयएस३एलव्ही०२डी’चं पान पुन्हा काढलं. एचपीच्या काही जुन्या लॅपटॉपांतला हा अ‍ॅक्सेलरोमीटर. मशीन पडू लागलं की हार्ड डिस्कची हेड्स बाजूला घेता यावीत, हे त्याचं मुख्य काम. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून जमीन गाठायला ०.४ सेकंदही लागत नाहीत. गंमत म्हणजे मशीन स्वस्थ असताना एक जी दिसतो आणि पडताना तिन्ही अक्षांवर जवळपास शून्य. त्या शून्यावरूनच पडणं ओळखायचं.

अक्ष सांगायची पद्धत तर झकास! डावी बाजू उचलली की एक्स वाढतो, टचपॅडकडची उचलली की वाय उणे, पालथं घातलं की झेड उणे. सूत्र नाही, आकृती नाही. मशीन हातात घ्या नि बघा. ‘योग्य मूल्य परत करते’ छापाची वाक्यं लिहिणाऱ्यांनी स्वतःचा ड्रायव्हर कधी चालवून पाहिलाय का, अशी शंका येते.

‘फ्रीफॉल’ ही डिव्हाइस फाइल वाचू पाहणारा प्रोग्राम लॅपटॉप पडेपर्यंत तिथेच ताटकळतो. शिवाय हाच सेन्सर जॉयस्टिक म्हणूनही चालतो, हेही तिथे सरळ लिहिलंय. पडण्याची धास्ती घेऊन बसवलेली चिप, आणि लोक लॅपटॉप वाकडातिकडा करून गेम खेळणार! माझ्या पानातही असं एखादं वाक्य राहू देणार आहे.